इंजिनचा पार्ट कंपनीचा घ्यावा की बाहेरचा?

माझ्या टेबलावर गेली सहा वर्षं एक टेन्शनर पुली, म्हणजे इंजिनचा पट्टा ताणून धरणारी चाकी, पडून आहे. मुठीत मावेल एवढी. प्लास्टिकची काळी कड एका बाजूने वितळून ओघळलेली आणि आतले छर्रे उष्णतेने निळे पडलेले. बोटाने फिरवायला गेलं तर तसूभरही हलत नाही.

ही पुली धाकट्या भावाच्या लोगनमधली. २००९ सालची डिझेल गाडी, नाशिकच्याच कारखान्यात जोडलेली. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, बदलायची वेळ आली तेव्हा त्याने बेल्ट चांगल्या नावाचा घेतला. पुली मात्र काउंटरवरच्या माणसाने साध्या पांढऱ्या खोक्यातून काढून दिली. बाराशे रुपये वाचले. नऊ हजार किलोमीटर झाल्यावर मुंबईहून परत येताना, कसारा घाटाच्या ऐन चढावर, त्या पुलीचं बेअरिंग जाम झालं. बेल्ट दात सोडून सरकला आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळले. आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकले. गाडी ओढून पाथर्डी फाट्यावरच्या गॅरेजपर्यंत आणली, हेड (व्हॉल्व्ह असतात तो इंजिनचा वरचा भाग) उतरवलं, सगळे मिळून ३८ हजार गेले.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात २२ वर्षं काढली. शंभरातला एक पार्ट मापाबाहेर गेला तरी अख्खा लॉट बाजूला काढायचा, हे काम. आणि माझ्याच घरात, बाराशे रुपये कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे भावाला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. त्याची बोच अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तेव्हापासून पार्ट कोणता घ्यावा असं कोणी विचारलं की मी किंमत विचारत नाही. दोनच गोष्टी विचारतो. हा पार्ट गेला तर आपल्यासोबत आणखी काय घेऊन जाईल? आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला इंजिन किती उघडावं लागतं? या दोन उत्तरांवर बाकीचं सगळं ठरतं.

काउंटरवरची भाषा आधी समजून घ्या

नाशिकमध्ये द्वारकेकडे किंवा मुंबई नाक्याकडे पार्टच्या दुकानात उभं राहिलं की चार-पाच शब्द कानावर पडतात, आणि प्रत्येक जण ते आपापल्या सोयीने वापरतो.

‘कंपनीचा’ किंवा ‘जेन्युइन’ म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यात आलेला पार्ट. मारुतीच्या डब्यावर मारुती सुझुकी जेन्युइन पार्ट्स असं असतं, ह्युंदाईचं सामान मोबिसच्या नावाने येतं. पण मारुती किंवा ह्युंदाई स्वतः पिस्टन रिंग, बेअरिंग, स्पार्क प्लग बनवत बसत नाहीत. ते सामान त्या त्या कामात मुरलेले कारखाने बनवतात आणि गाडीच्या कंपनीला पुरवतात. मायको सर्कलवरून रोज ये-जा करणाऱ्या नाशिककराला हे वेगळं सांगायला नको. मायको म्हणजे आजची बॉश. तिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनतात आणि ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसतात.

हाच पुरवठादार आपलं सामान स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतो. काउंटरवर त्याला ‘ओईएम’ म्हणतात. प्लग असेल तर एनजीके, डेन्सो, बॉश. पिस्टन आणि रिंग असतील तर माहले, गोएट्झे, उषा. बेल्टमध्ये गेट्स, कॉन्टिटेक. बेअरिंग आणि टेन्शनरमध्ये एसकेएफ, आयएनए. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला वॉटर पंप किंवा पुली नीट निरखून पाहिली तर कधीकधी एका जागी धातू घासलेला दिसतो. तिथे मूळ कारखान्याचं चिन्ह होतं, ते घासून काढलेलं असतं. त्याच कारखान्याच्या डब्यात तेच चिन्ह शाबूत असतं आणि किंमत बरीच कमी.

पण इथे एक खाच आहे. नाव मोठं आहे म्हणून तुमच्या गाडीत तेच नाव मूळ बसलेलं होतं असं नाही. कारखाना गाडीच्या कंपनीला जो पार्ट देतो आणि बाजारात जो विकतो, ते दोन्ही दर वेळी एकाच मापाचे आणि एकाच मालाचे असतील असंही नाही. म्हणून जुना पार्ट उतरवल्यावर त्यावरचं चिन्ह वाचायचं. ते चिन्ह ज्या नावाचं, त्याच नावाचा नवा मिळाला तर खरा ओईएम.

त्याखाली ‘ब्रँडेड आफ्टरमार्केट’ येतं: चांगले, जबाबदार कारखाने, पण तुमच्या गाडीला मूळ पुरवठा न करणारे. त्याखाली ‘लोकल’, ज्यावर कोणाचंच नाव नसतं. आणि ‘डुप्लिकेट’ म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरलेला. लोकल आणि डुप्लिकेट एकच समजू नका. लोकलवाला निदान तुम्हाला फसवून विकत नाही. डुप्लिकेटमध्ये तुम्ही पूर्ण पैसे मोजता आणि हातात लोकलपेक्षाही वाईट माल येतो.

पार्ट खरंच गेलाय का?

इंजिन गरम होतंय म्हटल्यावर थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा), वॉटर पंप, रेडिएटर, फॅन, साधं रेडिएटरचं झाकण, यातलं काहीही असू शकतं. ‘सगळंच बदलून टाकू’ हे उत्तर स्वीकारू नका. थर्मोस्टॅट तर घरच्या गॅसवर तपासता येतो. एका जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून बुडाला न टेकेल असा मधोमध सोडा आणि शेजारी थर्मामीटर धरा. थर्मोस्टॅटच्या धातूवर उघडण्याचं तापमान ठोकलेलं असतं, ८२ किंवा ८८ असा आकडा. त्या आकड्याच्या आसपास त्याची तबकडी हळूच उचलायला लागली पाहिजे आणि पाणी उकळीला येईपर्यंत चांगली उघडलेली दिसली पाहिजे. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेवढं लक्षात ठेवा. तबकडी हललीच नाही तर थर्मोस्टॅट गेला. व्यवस्थित उघडली तर पैसे खिशात ठेवा आणि पुढचं कारण शोधा.

नवा थर्मोस्टॅट आणल्यावरही मी हीच चाचणी करून मग बसवायला देतो. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि नवा पार्ट बाद निघालेला मी स्वतः पाहिलाय.

पार्ट नंबर काढा, गाडीचं नाव सांगू नका

दुकानात जाऊन ‘स्विफ्ट डिझेलचा वॉटर पंप द्या’ म्हणणं ही निम्म्या घोळाची सुरुवात. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंतो या तीन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत फियाटचंच १२४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, फियाटने मल्टीजेट. इंजिन एका घराण्यातलं म्हणून बरंच सामान जुळतं, आणि याच भरवशावर दुकानदार ‘चालून जाईल’ म्हणतो. पण टर्बो, माउंटिंग, सेन्सरचे कनेक्टर अशा जागी फरक निघतात. चालून जाईल हा शब्द इंजिनच्या बाबतीत ऐकून घेऊ नये.

आरसीवर १७ अक्षरं-अंकांचा चेसिस नंबर असतो. त्याचा फोटो घेऊन अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवर जा. तिथल्या संगणकात तो टाकला की तुमच्याच गाडीला लागू असलेला पार्ट नंबर निघतो. कंपन्या मधूनच पार्ट सुधारतात आणि जुन्या नंबरऐवजी नवा नंबर लागू करतात. तेव्हा ‘हाच चालू नंबर आहे का, का बदललाय?’ एवढं विचारा. किंमतही विचारून घ्या. घ्यायची सक्ती नाही, आणि हीच किंमत पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया आहे.

आता हा नंबर घेऊन ओईएमचा कॅटलॉग पाहायचा. बहुतेक मोठ्या पुरवठादारांचे कॅटलॉग इंटरनेटवर असतात आणि गाडीच्या कंपनीचा नंबर टाकला की त्यांचा स्वतःचा नंबर मिळतो. दोन्ही नंबर एका कागदावर लिहा. दुकानात तो कागद पुढे केलात की बोलणंच वेगळ्या पातळीवर सुरू होतं.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत

पहिला मान टायमिंगचा. गाडीला बेल्ट असेल तर बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारी साधी चाकी) हे संपूर्ण किट एकाच नावाचं आणि एकाच वेळी बदला. बेल्टवरच वॉटर पंप फिरत असेल, जसा लोगन आणि डस्टरच्या १४६१ सीसी डिझेलमध्ये फिरतो, तर तोही त्याच वेळी. कारण सरळ आहे. तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी एकदाच पडते, आणि या साखळीतला सगळ्यात कच्चा पार्ट जेवढा टिकेल तेवढंच बाकीच्यांचं आयुष्य. भावाच्या गाडीत बेल्टला ओरखडासुद्धा नव्हता. तो बेल्ट आम्ही फेकून दिला.

टायमिंग चेन असलेल्या गाडीत मालक निर्धास्त असतात, पण चेनही ताणते. गाइड झिजतात, टेन्शनर थकतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना साखळी आपटल्यासारखा आवाज दोन-तीन सेकंद येत असेल तर तपासून घ्या. इथेही पूर्ण किट, कंपनीचं किंवा खात्रीच्या ओईएमचं.

हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सील. पेट्रोल असो की डिझेल, आजकाल बहुधा पोलादी पत्र्यांचे थर असलेलं गॅस्केट येतं. डिझेलमध्ये बऱ्याचदा एकाच इंजिनाला दोन-तीन वेगळ्या जाडीची गॅस्केट असतात, आणि कोणती जाडी हे काठावरच्या खाचांनी किंवा भोकांनी ओळखायचं असतं. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर येतो, हे डायल गेजने मोजून जाडी ठरते. जुन्या गॅस्केटला दोन खाचा असतील आणि तुम्हाला एका खाचेचं दिलं, तर डबा कितीही अस्सल असला तरी पार्ट चुकीचा. हेड फेसिंग (बैठक घासून सपाट) करून आणलं असेल तर याकडे दुप्पट लक्ष द्या. आणि हेडचे बोल्ट. बऱ्याच आधुनिक इंजिनांत ते एकदा ताणून आवळण्यासाठीच बनवलेले असतात, पुन्हा वापरायचे नसतात. मिस्त्री म्हणेल, ‘काका, बोल्ट चांगले आहेत.’ दिसायला चांगले असतीलही. पण ताणलेला बोल्ट डोळ्यांनी दिसत नाही. कंपनीच्या पुस्तकात बदला म्हटलं असेल तर बदला.

कॉमन रेल इंजेक्टर (आधुनिक डिझेल इंजिनात इंधन फवारणारे) तर वेगळंच प्रकरण. बहुतेक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड कोरलेला असतो. तो स्कॅनरने गाडीच्या ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात) घालावा लागतो, म्हणजे कोणत्या इंजेक्टरला किती वेळ डिझेल द्यायचं ते ईसीयूला कळतं. स्वस्तात मिळालेल्या जुन्या इंजेक्टरवरचा कोड खोडलेला असेल तर तो घेऊच नका. दुरुस्त करून घ्यायचा असेल तर ज्याच्याकडे टेस्ट बेंच आहे अशाच डिझेलवाल्याकडे जा आणि चाचणीचा छापील कागद मागा. या बाबतीत नाशिक नशीबवान आहे. या कामात आयुष्य घातलेली माणसं इथे आहेत.

ऑइल पंप, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचे सेन्सर, टर्बोला ऑइल नेणारा पाइप, हेही याच रांगेत. सेन्सरचं विशेष म्हणजे खराब सेन्सर सरळ मरत नाही. गाडी वणीच्या घाटात बंद पाडतो आणि गॅरेजच्या दारात व्यवस्थित चालवतो. शोधण्यात जे दिवस आणि जी मजुरी जाते, तिच्यापुढे वाचलेले पैसे किरकोळ.

अर्धं इंजिन बांधायचं असेल तर

पिस्टन, रिंग, बेअरिंग बदलून, म्हणजे अर्धं इंजिन बांधून, जुनी डिझेल गाडी ठेवायचीच असं ठरवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि मला ते पटतं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, शेव्हर्लेने तर २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्रीच थांबवली. अशा गाड्यांना डीलरकडचा डबा दर वेळी मिळेलच असं नाही. तेव्हा ओईएम हाच राजमार्ग, आणि इथे तपासणी तुमच्याच डोक्यावर येते.

क्रम असा ठेवा. मशीन शॉपमध्ये आधी बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक) मोजून घ्या: वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा. किती झीज झाली त्यावरून ०.२५ की ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन लागेल ते ठरेल. मग पिस्टन विकत आणा, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजा आणि त्या मापाला धरून बोअर आणि होनिंग (भोकाची आतली भिंत घासून नीट करणं) करून घ्या. पुष्कळदा उलटं होतं: बोअर आधी आणि पिस्टन नंतर. मग फट कमी-जास्त झाली की दोष पिस्टनच्या नावावर जातो.

चारही पिस्टन डिजिटल काट्यावर ठेवा. चांगल्या कारखान्याच्या संचात फरक दोन-चार ग्रॅमच्या आतच असतो. एकदा एका ओळखीच्या गॅरेजवर एका संचात ११ ग्रॅमचा फरक मी पाहिला. डबा देखणा होता, होलोग्रामही होता. संच परत केला. असे पिस्टन घातले असते तर इंजिन चाललं असतंच, पण थरथर आयुष्यभर गेली नसती.

रिंग बोअरमध्ये ठेवायची, पिस्टनच्या पाठीने एक इंच खाली सरकवून सरळ करायची आणि तोंडाची फट फीलर गेजने (पातळ मापाच्या पट्ट्यांनी) मोजायची. आकडा कंपनीच्या पुस्तकातला. बेअरिंगचे कप बसवताना प्लास्टिगेज नावाची बारीक मेणासारखी दोरी क्रँकवर ठेवून कॅप ठरल्या जोराने आवळायची, उघडायची आणि दबलेल्या दोरीची रुंदी पट्टीशी ताडायची. मिस्त्री नको म्हणाला तर त्या दोरीचं पाकीट तुम्ही आणून द्या. अर्धा तास जास्त जातो, त्याचीही मजुरी द्या. बेअरिंग नामांकित कारखान्याचंच, आणि क्रँक ग्राइंड झाला (घासून बारीक केला) असेल तर त्याच्या मापाचं.

जिथे ओईएम निश्चिंतपणे घ्यावा

ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, प्लग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट, ऑइल सील, इंजिन माउंटिंग. गाडी वॉरंटीबाहेर असेल तर यांसाठी कंपनीच्या डब्याचे जास्त पैसे मोजायची गरज मला वाटत नाही. अट एकच: नाव मूळ पुरवठादाराचं आणि दुकान खात्रीचं.

ऑइल फिल्टर लहान दिसतो म्हणून त्याला हलकं समजू नका. गाळणारा कागद तर आहेच, पण डब्यासारख्या फिल्टरच्या आत बहुधा दोन व्हॉल्व्हही असतात. एक, इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत खाली जाऊ न देणारा रबरी पडदा. दुसरा, कागद तुंबला तर ऑइलला वाट मोकळी करून देणारा. पडदा कडक किंवा पातळ रबराचा असेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी सुरू करताना इंजिन दोन-तीन सेकंद ऑइलविना खडखडतं. रोज सकाळी. फिल्टरच्या काठावरच्या बारीक भोकांतून काडी घालून पडदा दाबून पाहा. मऊ असावा, लगेच परत बसावा.

एअर फिल्टर, इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर, होजचे क्लॅम्प, क्लिपा यांसाठी चांगल्या नावाचा कुठलाही बाहेरचा चालतो. एअर फिल्टरची रबरी कड डब्यात चारी बाजूंनी बसते ना, एवढं बघा. द्राक्षाच्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या शेतरस्त्यांवर गाडी रोज फिरत असेल, तर फिल्टर महागातला घेण्यापेक्षा वेळेआधी बदलणं जास्त उपयोगाचं.

काउंटरवर, हातात घेऊन

दुकानाच्या बाहेर उजेडात या. आधी लेबल वाचा. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर असणं २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. यातलं काही गायब असेल तर खोकं तिथेच ठेवा. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, पण हिरवी बरोबरची खूण दिसली म्हणून थांबू नका. उघडलेला पत्ता खरंच त्या कंपनीच्या संकेतस्थळाचा आहे का ते वाचा. खोटं पान बनवणं खोकं छापण्याइतकंच सोपं आहे.

मग पार्ट. ओतीव कामाच्या कडा बोटाला टोचतात का? मशीन केलेला भाग एकसारखा चमकतो का? पार्टवर बॅच नंबर ठोकलेला आहे का, आणि तो खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का? स्पार्क प्लगचे आटे नखाने चाचपा, ते गुळगुळीत लागले पाहिजेत. वरची वाकडी पट्टी मधल्या टोकाच्या बरोबर मधोमध आली पाहिजे. चार प्लग ओळीने उभे करून पट्ट्यांकडे पाहा. डुप्लिकेटमध्ये चार पट्ट्या चार दिशांना झुकलेल्या दिसतात.

जुना पार्ट सोबत न्याच. दोन्ही शेजारी ठेवले की डोळ्याला जे कळतं ते कुठल्याही होलोग्रामला कळत नाही: भोकांची जागा, दातांची संख्या, शाफ्टची लांबी. वजनात मोठा फरक असेल तर कारण विचारा. वॉटर पंपाचा पंखा पूर्वी धातूचा होता आणि आता प्लास्टिकचा दिला, तर ते मूळ कंपनीनेच बदललंय का, हे पार्ट नंबरावरून तपासा.

किमतीचं म्हणाल तर एमआरपीवर थोडी सूट मिळतेच. पण त्याच नावाचा पार्ट कोणी निम्म्या किमतीत देत असेल तर तो मी घेत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा आधीची छापील किंमत असलेलं खोकं हातात आलं तर आताची किंमत कोणत्या दराने लावली, हे बिलावर दाखवायला सांगा.

वॉरंटी आणि बिल

गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनच्या आतलं काहीही बाहेर करू नका, एवढं सोपं ठेवा. वाद झाला तर त्रास तुम्हालाच. मात्र ‘बाहेर साधी सर्व्हिसिंग केली तरी सगळी वॉरंटी गेली’ असं कोणी सरसकट म्हणत असेल तर ते मुकाट्याने मान्य करू नका. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड सुनावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, हे त्यामागचं कारण. केवळ बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असंही त्या आदेशात होतं. त्यावर पुढे अपिलं झाली. पण ग्राहकाची बाजू काय आहे हे त्यातून कळतं.

बिल पक्कं घ्या, त्यावर पार्ट नंबर आणि बनवणाऱ्याचं नाव लिहून घ्या. नुसतं ‘वॉटर पंप १ नग’ लिहिलेल्या बिलावर उद्या कोणाकडेही दाद मागता येत नाही. दुकानदार ऐकेनासा झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मिस्त्रीला पार्टवर चार पैसे सुटतात आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण तुम्ही पार्ट आणून दिला तर तो म्हणणार, ‘गॅरंटी माझी नाही.’ त्याचंही बरोबर आहे. मी मजुरी आधीच थोडी वाढवून ठरवतो आणि त्याच्यासोबतच दुकानात जातो. नंबर माझा, पारख दोघांची.

बसवताना आणि नंतर

टॉर्क पाना (ठरल्या जोराने आवळणारा) आहे का, हे गाडी सोडतानाच विचारा. हेडचे बोल्ट आधी ठरावीक जोराने आणि मग ठरावीक अंशांनी फिरवून आवळायचे असतात. ते हाताच्या अंदाजाने होत नाही. कंपनीचं महागडं गॅस्केट अंदाजाने आवळलं तर सहा महिन्यांत पुन्हा उघडावं लागतं. कूलंट नवीन भरा, रंग जुळतो म्हणून दोन प्रकार एकत्र करू नका. रंगावरून प्रकार ठरत नाही, डब्यावरच्या माहितीवरून ठरतो.

काम झाल्यावर लगेच मुंबईला निघू नका. आठवडाभर गंगापूर रोड, त्र्यंबक रोड असं गावाजवळच फिरा. रोज सकाळी थंड इंजिनात ऑइल आणि कूलंटची पातळी पाहा, गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. ५०० किलोमीटर झाले, थेंब नाही, आवाज नाही, की मग घाट.

जुने पार्ट गॅरेजमधून मागून घ्या. आणि रिकामी खोकी, ऑइलचे डबे तसेच तिथे टाकून येऊ नका. डुप्लिकेट माल भरायला अस्सल खोक्यांनाच भाव असतो. मी खोक्याची लेबलची बाजू कापून घेतो, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून आरसीच्या पाकिटात ठेवतो. उरलेलं खोकं फाडतो आणि ऑइलच्या डब्याला तिथेच स्क्रू ड्रायव्हरने दोन भोकं पाडतो.